बाकी सगळीकडे

माझ्या खुर्चीला चाकं आहेत. पोहण्याच्या तलावाच्या तिकीट खिडकीत बसणाऱ्या बाईला ती लागतातच, कारण माझ्या पुढे एक काच आहे आणि पाठीमागे दुसरी. पुढच्या काचेला बोलायला गोल भोक आहे, त्यातून गिऱ्हाईक डोकं खातं. मागची काच भिंतभर आहे, चांगली जाड. तिच्यातून अख्खा तलाव दिसतो, पण आवाज म्हणाल तर औषधालाही येत नाही. म्हणजे जे ऐकू येतं ते मला बघायचं नसतं आणि जे बघायचं असतं ते ऐकू येत नाही. दिवसभर मी भोवऱ्यासारखी फिरत असते. तशीही मला एका जागी स्वस्थ बसायची सवय नाही, त्यामुळे नोकरी माझ्या स्वभावाला साजेशी मिळाली असं घरचे म्हणतात.

खिडकीत बसून माणसाची नजर कशी होते त्याचा एक नमुना सांगते. डोक्यावर टोपी असल्याशिवाय कोणालाही पाण्यात सोडायचं नाही, हा इथला नियम. त्यामुळे इतकी वर्षं मी टोप्याच बघत आले आहे. एकदा एक गृहस्थ आले, छान निळी टोपी घालून. मी तिकीट दिलं, "जा" म्हटलं. थोड्या वेळाने आमचे मास्तर, म्हणजे मुख्य जीवरक्षक, तणतणत बाहेर आले. त्या गृहस्थांचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. त्याच हाताने त्यांनी माझ्याकडून तिकीट घेतलं होतं. "तुला हे एवढं मोठं दिसलं नाही?" मास्तरांनी विचारलं. खरं सांगायचं तर नाही दिसलं. टोपी होती ना.

आत, पाण्याच्या कडेला, उंच खुर्चीवर बसते ती माझी धाकटी बहीण. गळ्यात शिट्टी, मांडीवर लाल फ्लोट, आणि मान पंख्यासारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत असते. मागच्या काचेतून मला ती पाठमोरी आणि जराशी तिरकी दिसते. तिची मान बघून मला तिच्या मनातलं कळतं. लहानपणी अभ्यासाला शेजारी शेजारी बसायचो, तेव्हा ही पुस्तकात बघते आहे की खिडकीबाहेर, हे मी तिच्या मानेवरूनच ओळखायचे आणि आईला जाऊन सांगायचे. तो राग तिच्या मनात अजून असेल.

त्या हॉलमध्ये तुम्ही नुसते जाऊन उभे राहा. छत पत्र्याचं, भिंतींना फरशा, त्यामुळे एक पोर ओरडलं की दहा ओरडल्यासारखी वाटतात. त्यात कारंजं, त्यात पंखे, आणि वर कर्ण्यातून दिवसभर गाणी. माझं तर डोकं उठतं. बहीण त्या कलकलाटात बसून, मागे वळूनसुद्धा न बघता, शिट्टी फुंकते आणि ओल्या फरशीवर पळणारा पोरगा जागच्या जागी थांबतो. एकदा मी तिला विचारलं, एवढ्या गोंधळातून तुला पावलं ऐकू येतात कशी?

"सगळं ऐकत बसले तर वेडी होईन, ताई," ती म्हणाली. "बाकीचं मी सोडून देते. गाणी सोडून देते, किंकाळ्या सोडून देते. 'आई, आई' तर पहिल्यांदा सोडून देते. बुडणारं माणूस ओरडत नाही गं. ओरडायला श्वास कुठून आणणार?"

तिची एकुलती एक मुलगी मात्र आईच्या वाट्याचंही ओरडून घेते. आम्ही तिला टकळीच म्हणतो, कारण तिची ती कधी बंद पडत नाही. जेवताना बोलते, दात घासताना बोलते, झोपेत बोलते. पुढचे दोन दात पडल्यापासून वारा लागून शब्द शिट्टीसारखे येतात, त्याचंही तिला कौतुक. "जरा तोंडाला कुलूप लाव गं," असं बहीण दिवसातून इतक्यांदा म्हणते की टकळीने त्या वाक्याला चाल लावली आहे.

आता मुख्य गोष्ट. गेल्या सुट्टीत टकळी पोहायला शिकत होती आणि तिची आई उंच खुर्चीवर होती. त्या वेळी एक मुलगा शिडीवरून घसरला आणि त्याची हनुवटी फुटली. माझ्या बहिणीने ते बघितलं नाही. मुलाच्या आईने हॉलच्या मधोमध उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सुनावलं: "बाईंना स्वतःच्या पोरीपलीकडे कोणी दिसतच नाही." खोटं नव्हतं, तेच वाईट होतं. मास्तरांनी त्याच दिवशी नियम केला. घरचं माणूस पाण्यात असेल तर त्या वेळी खुर्ची दुसऱ्याची. बहिणीने मान डोलावली, पण ते वाक्य तिच्या जिव्हारी लागलं. पुढे कितीतरी दिवस ती भाजी चिरता चिरता मधेच थांबायची आणि म्हणायची, "मला दिसत नाही म्हणे."

मग शाळा सुरू झाल्यावर एक दिवस असा आला की दुसरा जीवरक्षक तापाने घरी होता. शाळेचा वर्ग दुसऱ्या दिवशी यायचा तो परीक्षेमुळे आदल्या दिवशीच आला, आणि तो नेमका टकळीचा वर्ग. पिवळ्या टोप्यांच्या दोन रांगा माझ्या खिडकीसमोर चुळबुळत उभ्या. तेवढ्यात पंपघरातून निरोप आला की पंप बंद पडला आहे, आणि त्याची दुरुस्ती मास्तरांशिवाय कोणाला जमत नाही. मास्तर आणि बहीण माझ्या खिडकीपाशीच हुज्जत घालत होते, त्यामुळे शब्द न् शब्द मी ऐकला.

"तू बसायचं नाहीस. तुझी मुलगी आहे त्यात," मास्तर म्हणाले.

"मग कोण बसणार? ताई?"

"चेष्टा नकोय मला."

"मास्तर, मी तिच्याकडे बघणारच नाही. शब्द देते तुम्हाला."

मास्तरांनी तिच्याकडे जरा चमकून बघितलं. "बघू नकोस असं मी कधी म्हटलं होतं?" ते म्हणाले. पण पंपघरातून पुन्हा हाक आली, पोरं ढकलाढकली करायला लागली, वर्गाच्या बाई घड्याळ बघायला लागल्या. "मी पंप चालू करून आलोच," म्हणून मास्तर गेले. मी टोप्या मोजत होते.

रांगेतून फुटून टकळी माझ्या भोकाला तोंड लावून उभी राहिली. "मावशी, मावशी, आज आई मला बघणार! मला पाठीवर तरंगता येतं आता, बाईंनी शिकवलं, पाय नाही हलवायचे, पोट वर ठेवायचं, आणि कान पाण्यात जातात ना, तेव्हा काहीच ऐकू येत नाही, मज्जा येते, तू पण बघशील ना?"

"बघीन. मधे मधे श्वास घेत जा," मी म्हटलं. ती पळाली.

मी खुर्ची फिरवून मागच्या काचेकडे तोंड केलं. पोरं पाण्यात उतरली. उथळ भाग आणि खोल भाग यांच्यामध्ये रंगीत फ्लोटांची एक दोरी असते, तिच्या अलीकडे सगळ्या पिवळ्या टोप्या. बहिणीची खुर्ची दोरीच्या पलीकडे, खोल पाण्याच्या कडेला. तिची मान फिरायला लागली. डावीकडून उजवीकडे, तळापासून वरपर्यंत, अगदी शिकवल्याप्रमाणे. मला बरं वाटलं.

मग मला काहीतरी खटकलं. मान सरकत यायची, आणि एका जागेशी आली की ती जागा टाळून पुढे जायची. रस्त्यातलं डबकं चुकवून पाय टाकावा तशी. मी नीट बघितलं. त्या जागेवर टकळी होती. टकळी शिडीजवळून मधे आली, तर मान मधली जागा चुकवायला लागली. टकळी कारंज्याकडे गेली, तर मान कारंजं चुकवायला लागली. बाकीच्या पोरांवरून तिची नजर हात फिरवल्यासारखी जात होती, कोणी सुटत नव्हतं. सुटत होती ती एकच. आणि तिला इतकं अचूक टाळायचं, तर ती कुठे आहे हे आधी माहीत हवं. ते बहिणीला कशावरून कळत होतं, हे मला त्या मुक्या काचेतून तेव्हा समजलं नाही.

"अहो बाई!" पुढच्या काचेवर टकटक झाली.

मी फिरले. एक टकलू गृहस्थ, खांद्यावर टॉवेल.

"टोपी?" मी म्हटलं.

"टोपी कशाला? केस पाण्यात पडू नयेत म्हणून ना? माझ्या डोक्यावर एक केस दाखवा."

"नियम आहे."

"नियमाला काही डोकं आहे का?"

एरवी मी त्याला मजेत धुतला असता. तेव्हा मी नुसतीच अर्धी फिरून मागे बघितलं. टकळी दोरीला धरून उभी होती, एक हात वर करून, तोंड मोठ्ठं उघडं. काय म्हणत असणार ते ऐकायची गरज नव्हती. आई, बघ. बहिणीची मान तिच्यावरून उडी मारून पुढे गेली. टकळीने पुन्हा हात वर केला. वर्गाच्या बाई काठावर बसून एका रडणाऱ्या मुलाला पाण्यात उतरायला मनवत होत्या, त्यांची पाठ होती.

"मी साहेबांकडे तक्रार करीन," टकलू म्हणाला.

"करा."

"तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही आहात!"

हे बरोबर होतं. मी त्याच्याकडे बघितलं, टोपी विकत मिळते तो कोपरा दाखवला, तो म्हणाला की सगळ्या लहान मुलांच्या आहेत, मी म्हटलं मोठ्या खालच्या खणात आहेत, आणि फिरले. तोपर्यंत टकळी मला दिसेना. सगळ्या टोप्या पिवळ्या. मी दोरीपाशी शोधलं, शिडीपाशी शोधलं. मग मला वाटलं, आपण कशाला शोधतोय, हिच्या मानेवरून कळेल. मी बहिणीची मान बघायला लागले. कुठली जागा चुकवते आहे? उथळ भागात आता ती काहीच चुकवत नव्हती. सरळ, सलग, एका दमात जात होती. चुकवत होती ती फक्त एकच जागा, खुर्चीच्या अगदी पायथ्याचं पाणी. खोल भागातलं.

माझ्या टेबलावर सूचनांचा माइक आहे. त्याचं बटण दाबलं की आतली गाणी बंद होतात आणि तांबडा दिवा लागतो. मी बटण दाबलं. दिवा लागला. काय बोलू? सगळ्या शाळेसमोर, त्या वर्गाच्या बाईंसमोर, कर्ण्यातून ओरडून सांगू, की अगं तुझ्या मुलीकडे बघ? जिला 'पोरीपलीकडे दिसत नाही' म्हणून हॉलमध्ये उभं करून बोललं गेलं, तिला? माझीच नजर चुकत असली तर? मी टोप्या बघणारी बाई. मी बटण दाबून नुसती बसले. टकलूला वाटलं असणार की मी साहेबांना बोलावतेय.

काचेपलीकडे बहिणीची मान थांबली. मधेच, फिरता फिरता, थांबली. कुठलासा आवाज पकडावा तसं तिने डोकं तिरकं केलं. आणि मग पहिल्यांदा तिने सरळ खाली बघितलं. फ्लोट घेतला की नाही मला आठवत नाही. ती खुर्चीवरून थेट पाण्यात गेली.

खिडकी उघडी टाकून मी धावले. दार ढकललं तर आत आवाजच नव्हता. गाणी माझ्याच बटणाने बंद झालेली, पोरं तोंडं उघडी ठेवून उभी, कारंजं तेवढं आपलं चालू. बहिणीने टकळीला काठावर ओढलं होतं. कुशीवर वळवलं. टकळीच्या तोंडातून पाणी आलं, मग खोकला, मग आणखी पाणी. त्या हॉलमध्ये मी पहिल्यांदाच एका माणसाचा खोकला इतका स्पष्ट ऐकला. देवाची शपथ, त्याहून गोड काही मी कधी ऐकलेलं नाही.

वर्गाच्या बाई रडत रडत म्हणाल्या, "आईची नजर हो, आईची नजर! आम्हाला कोणाला दिसलं नाही." तोवर टकलूही आत आला होता, टोपीशिवाय, तोही म्हणाला, "आईची नजर." हातभर ग्रीस माखलेले मास्तर धावत आले. त्यांनी टकळीची नाडी बघितली, तिला टॉवेलात गुंडाळलं, गाडी बोलावली. मग बहिणीसमोर उकिडवे बसले आणि अगदी हळू विचारलं, "कुठे बघत होतीस?"

"बाकी सगळीकडे," बहीण म्हणाली.

दवाखान्यात छातीचा फोटो काढला, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले छाती स्वच्छ आहे, घसा सोलवटला आहे, फार बोलू देऊ नका. एरवी आम्ही दोघी त्या सल्ल्यावर खो खो हसलो असतो. घरी आलो. टकळी पलंगावर उशीला टेकून बसली, छताकडे बघत. गप्प. बहीण तिच्या पायाशी, मी दारात. मला बसवेना, मी उगाच पडदे सारखे केले, पाण्याचा तांब्या इकडून तिकडे ठेवला, पुन्हा तिकडून इकडे.

"ताई, गाणी बंद झाली ना," बहीण अचानक बोलायला लागली, माझ्याकडे न बघता. "तेव्हा कळलं. हिचा आवाज मी ऐकतच होते गं सारखा. बघायचं नाही म्हटलं होतं, पण कान कसे बंद करणार? ही इथे बडबडतेय, ही तिथे बडबडतेय, म्हणजे ठीक आहे, म्हणजे मान तिकडे न्यायची नाही. गाणी थांबली, आणि मला वाटलं आता हिचं सगळं बोलणं स्पष्ट ऐकू येईल. तर काहीच नाही. मला कळेना की हिचं बोलणं कधीपासून थांबलंय. गाण्याखाली मला ते ऐकू येतंय असं नुसतं वाटत होतं."

मी बटण का दाबलं ते तिला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. टकळीला वाचवायला दाबलं नव्हतं, बोलायला दाबलं होतं, आणि बोलायची हिंमत झाली नाही. हे सगळं सांगायला ती वेळ नव्हती.

बहीण टकळीकडे वळली. "बोल ना गं काहीतरी," ती म्हणाली. "हळू बोल. पण बोल."

टकळीने आवंढा गिळला. आवाज घोगरा, तुटका. "मी दोरीखालून आले," ती म्हणाली. "तिकडून तुला दिसत नव्हतं ना. म्हणून तुझ्या खुर्चीखाली आले. पाठीवर. पोट वर ठेवलं होतं. खूप वेळ तरंगले, आई. मग तू बघितलंस का ते बघायला उभी राहिले, तर खाली फरशीच नव्हती."

बहिणीचा चेहरा मला बघवेना.

"पण तरंगले होते ते बघितलंस ना?"

खोटं बोलणं किती सोपं होतं. सगळं गाव आईची नजर म्हणत होतं. बहिणीने पोरीचा पाय हातात घट्ट धरला. "नाही बाळा," ती म्हणाली. "नाही बघितलं."

टकळीने मान माझ्याकडे वळवली. "मावशी, तू?"

माझ्या काचेतून ती खुर्ची, तिच्या पायथ्याचं पाणी, सगळं समोरच होतं. ही पोर तिथे पोट वर करून तरंगत असताना मी तिकडेच तोंड करून बसले होते. बघीन म्हणून शब्दही दिला होता. पण मी मान बघत होते.

"मी तुझ्या आईकडे बघत होते गं," मी म्हटलं.

"म्हणजे कोणीच नाही?" टकळी म्हणाली. रडली नाही, रागावलीही नाही. नुसतं विचारलं. मला वाटलं, त्या दोरीखालून हीच एवढी एक गोष्ट मागायला ती आली होती, आणि आम्ही दोघी सगळं लक्ष तिच्यावरच लावून बसलो होतो, फक्त तिच्याकडे बघत नव्हतो.

टेबलावर माझा फोन वाजायला लागला. मॅनेजरसाहेब. तलावावरच्या फळ्यावर लावायला बहिणीचा फोटो हवा, असा त्यांचा निरोप आधी येऊन गेला होता. खाली 'आईची नजर' असं लिहिणार होते.

बहीण उठली. तिने पलंगावरची उशी काढून बाजूला टाकली, पांघरूण खाली ढकललं, चादर हाताने सपाट केली. "दाखव," ती म्हणाली. "इथे दाखव. कसं केलंस?"

टकळीने तिच्याकडे संशयाने बघितलं. मग ती उताणी झाली, हात पसरले, पोट वर उचललं, पाय ताठ केले. "पाय हलवायचे नाहीत," घोगऱ्या आवाजात तिची सुरुवात झाली. "आता कान पाण्यात गेले. आता मला तुमचं काही ऐकू येत नाही. फक्त माझा श्वास. तुम्ही काही बोललात तरी कळणार नाही मला."

"बोलत नाही," बहीण म्हणाली.

"बघताय?"

मी दारातून पुढे आले आणि फरशीवर बसले. फोन थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. कोणीही उठलं नाही. टकळी सुती चादरीवर तरंगत होती, बोलत होती, खोकत होती, पुन्हा बोलत होती, आणि आम्ही दोघी तिच्याकडे बघत होतो.